नेफ्यातली पुतळी

आई बाहेरून आली की आधी पाटीतली भांडी वाजायची आणि मग घरभर लोकांच्या घरांचे वास सुटायचे. गाठोडं सोडलं की कुणाच्या चुलीचा धूर, कुणाच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या, कुणा बाळंतिणीचा ओवा आणि शेपा, कुणाच्या दुखण्यातलं चोळायचं तेल. सांगलीत आमच्या दोन खोल्या हळदीच्या बाजारामागं होत्या, त्यामुळं या सगळ्यावर शेवटी हळदीचा वास बसायचा आणि रात्रीपर्यंत सगळी कापडं आमचीच वाटायला लागायची. आईचा धंदा जुन्या कापडांवर भांडी द्यायचा. स्टीलची भांडी नवीनच आली होती तेव्हा. त्यांच्यासाठी बायका नवऱ्याच्या नकळत लग्नातला शालूसुद्धा काढून द्यायच्या. आई एसटीनं कधी इस्लामपूरला, कधी तासगावला, कधी कडेगावच्या अंगाला जायची आणि आळीतोंडाला उभी राहून एकाच सुरात ओरडायची. तासगावहून आली की पदराच्या गाठीत मोडके बेदाणे असायचे. ते आम्ही दोघी बहिणी भाकरीच्या शेवटच्या घासाबरोबर खायचो, एकेक करून, संपू नयेत म्हणून.

आलेलं कापड निवडायचं काम घरात. बरं असेल ते आमचे वडील, आबा, धुऊन, इस्त्री फिरवून बाजारात पथारीवर मांडायचे. विटलेलं गोधड्यांना जायचं आणि अगदीच गेलेलं गॅरेजवाल्यांना पुसायला. त्याआधी प्रत्येक कापडावरचे हूक, बटणं, नाड्या, जरीचे काठ काढून घ्यायचे. हे काम माझं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली ती या हुकांसाठीच म्हटलं तरी चालेल. मला त्याचं वाईट वाटलं नाही. शाळेत बोलावं लागायचं, इथं लागत नव्हतं. कुणी घरात आलं की मी ढिगामागं सरकायची आणि ब्लेडनं टाके उसवत बसायची. आजही घरात पाहुणे आले की माझा हात आपोआप मांडीवरच्या पदराचा काठ चाचपायला लागतो.

उरलेल्या वस्तूंचा माझा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. पाकिटांत, शिवणीत, पदराच्या गाठीत काय काय सापडायचं. तुटक्या पोतीचे मणी, नथीतला खोटा मोती, घड्याळाचं बारीक दातेरी चाक. आमच्याकडच्या गावांतून घरोघर कुणीतरी मिलिट्रीत, त्यामुळं जुन्या कोटांची पितळी बटणं भरपूर यायची. ती आतून पोकळ. मी ती पाट्याच्या कडेवर ठेवून वरवंट्यानं हळूहळू चपटी करायची, तारेनं भोक पाडायची आणि राखेनं घासायची. अशा चकत्या ओवल्या की लांबून थेट पुतळ्यांची माळ दिसायची. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे चिमणीच्या ज्योतीवर धरले की काच मऊ पडून वाकते, त्याच्या कड्या करून मी साखळी जोडायची. बोटं भाजायची, पण साखळी व्हायची.

आणि हे सगळं घालायला माझी अक्का होती. अक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, उंच, सावळी, मान लांब. तिच्या अंगावर चढलं की जुन्या कापडाला जीव यायचा. एका साडीचा काठ, दुसरीचं अंग, तिसरीच्या पदराचा झंपर, असं जुळवून मी तिला सजवायची. रंग जुळवताना मला कधी विचार करावा लागला नाही, हात आपोआप त्या चिंधीकडं जायचा. शेजारची गोदामावशी दारात उभी राहून म्हणायची, "अक्के, आज कुठनं कुठनं आलीस गं? काठ तासगावचा दिसतुय आन् पदर इस्लामपूरचा." अक्का ठसक्यात सांगायची, "बाह्या मिरजंच्या हायत मावशी, त्या ऱ्हायल्या." मग दोघी हसायच्या. पण हसून झालं की अक्का आत येऊन साडीच्या घडीला नाक लावायची आणि म्हणायची, "कुसमे, एकदा तरी कोरं नेसायचं हाय मला. ज्याला कुनाचाच वास न्हाई असलं."

आईचा एक नेम होता. मेलेल्या माणसाचं कापड घ्यायचं नाही. गाठोडं हातात घेण्याआधी ती विचारायची, "घरातलं कुनी गेलंय का, बाई?" लोक खोटं बोलायचे. पण आईची परीक्षा त्यांना माहीत नव्हती. ती आम्हाला सांगायची, "जित्ती बाई लुगडं देती, साडी देती, पन झंपर देत न्हाई. झंपर दुसऱ्या साडीवर चालतोय म्हनून ठिवती. साडीसंगं झंपर, परकर, समदं एका मापाचं एकदम आलं, तर समजायचं ती बाई आता न्हाई." असं काही चुकून घरात आलंच, तर ते कुणाच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही. हूक-नाड्या काढून थेट गॅरेजला.

तेव्हा ऊसतोडीचे दिवस असणार, कारण आईनं येताना कुणा गुऱ्हाळावरची काकवी तांब्यातून आणली होती. कडेगावच्या अंगाला एका बागायतदाराच्या घरी तिला मोठं गाठोडं मिळालं होतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी ते आधीच बांधून ठेवलेलं. आईनं नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "थोरली सून गेली. पन त्येला लय दिस झालं, तिची कापडं कवाच वाटली. ही माज्या लेकीची. ती ममईला ऱ्हाती, तिकडं असलं नेसत न्हाईत." एवढ्या कापडांवर त्यांनी एकच डबा घेतला, घासाघीस केली नाही. उलट आईला ओट्यावर बसवून चहा दिला आणि विचारलं, लग्नाची पोरगी आहे का. मुलगा बिजवर आहे, वय फार नाही, हुंडा नको, नारळ आणि मुलगी द्या. आणि एक कोरा खण काढून आईच्या ओटीत घातला, पोरीला द्या म्हणून.

तो खण अक्कानं रात्री उशाला घेतला. त्यावर गिरणीचा निळा शिक्का होता. ती पुन्हापुन्हा तो नाकाशी नेत होती. आबा तर त्या दिवसापासून बाजारात सगळ्यांशी हसून बोलायला लागले. बिनहुंड्याचं, बागायतीचं स्थळ आमच्यासारख्यांच्या दारात चालत आलं होतं.

गाठोडं दुसऱ्या दिवशी सोडलं. मी आईकडं बघत होते. साड्या चांगल्या होत्या, एकदोन तर फारशा नेसलेल्याही नसाव्यात. आईनं एक उचलली. खाली तिच्या रंगाचा झंपर. दुसरी उचलली, त्याखाली तिचा झंपर. मग परकर. आईचा हात थांबला. तिनं एक झंपर उलटा केला आणि बगलेखालच्या शिवणीवरून बोट फिरवलं. शिवण उसवून सैल केलेली होती, हूकही पुढं सरकवून लावलेले, आणि जुन्या टाक्यांची भोकं अजून बुजली नव्हती.

"भरत चालली व्हती," आई एवढंच म्हणाली. मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "ममईला गेली असंल. लेक हाय म्हनली की." आणि गाठोडं माझ्याकडं सरकवलं. "हूक, नाड्या काढ. बाकी गॅरेजला." जर लेकीचंच कापड होतं तर गॅरेजला का, हे मी विचारलं नाही. आईनंही स्वतःला विचारलं नसावं. पलीकडं अक्का भाकरी थापत होती आणि खण तिच्या खांद्यावर होता.

त्या कापडांत एक हिरवा परकर होता. बाकीचं सगळं मऊ, धुऊन घडी केलेलं, हा मात्र वाळून कडक झालेला, आणि नेफ्याला ओलसर वास, विहिरीच्या कडेला शेवाळ असतं तसा. नाडी ओढली तर मध्येच अडकली. मी नेफा उसवला. आत बारीक, देखण्या टाक्यांनी एक कप्पा शिवलेला होता, आणि त्यात नखाएवढी चांदीची चकती. चकतीवर बाई उठवलेली. दोन हात खाली सोडलेले, कपाळावर ठिपका, तोंडाच्या जागी नुसता उंचवटा. वरती कडी. मला ती पुतळ्यांच्या माळेतली एखादी पुतळी वाटली. माझ्या ठेचलेल्या बटणांसारखीच गोल, पण खरी. मी ती डब्यात टाकली. सांगायचं राहून गेलं असंही नाही. डब्यात काय आहे हे मला कुणी कधी विचारतच नसे.

अक्काला बघायला येणार त्या दिवशी तिला मी नेसवली. आईनं कडेगावचं एक सूतही त्यात येऊ नये म्हणून बजावलं होतं, आणि मी ते पाळलं. मोतिया रंगाची साडी मिरजेची, तिला फाटक्या पैठणीचा जांभळा काठ लावलेला. बाह्यांना तोच काठ. कानात काचेच्या कड्या. गळ्यात काळ्या-लाल मण्यांत ओवलेल्या माझ्या पितळी चकत्या, आणि मध्यभागी, सगळ्यांत खाली, ती चांदीची पुतळी. कारण मधोमध काहीतरी खरं असावं असं मला वाटलं. आईनं लांबून बघितलं आणि मान हलवली. तिला तीही बटणच वाटली असणार. गोदामावशी म्हणाली, "आज गाव वळकू येत न्हाई बघ. एकाच घरची दिसतीस." ते ऐकून अक्काचे डोळे भरले होते.

दुपारी ते दोघं आले, बाई आणि त्यांचा मुलगा. मुलगा बुटका, पांढऱ्या सदऱ्यातला, पूर्ण वेळ स्वतःच्या तळहाताकडं बघत होता. त्यानं फक्त पाणी मागितलं. बाईंच्या दातांना मिश्री, बोलणं मोकळं. आबांच्या पथारीची चौकशी केली, माझ्याकडं बघून "ही मुकी हाय का काय" म्हणाल्या, आणि सगळे हसले तेव्हा त्याही हसल्या. मला त्या आवडल्या होत्या. अक्कानं पोह्याच्या ताटल्या ठेवल्या आणि पाया पडायला वाकली. माळ पुढं लोंबली. बाई आशीर्वादाला हात उचलत होत्या, तो हात मध्येच थांबला. त्यांनी पुतळी दोन बोटांत धरली. अक्काला तसंच वाकून राहावं लागलं.

"हे कुठनं आलं?"

"आमच्या कुसमीनं केलंय," अक्का हसत म्हणाली. "बटनं ठेचून करती ती."

"हे बटन न्हाई." बाईंचा आवाज एकदम खाली गेला. "ही शेवंता हाय. माजी थोरली सून. सोनाराफुडं बसून मी करून घेतलाय ह्यो टाक."

टाक म्हटल्यावर मोठ्यांना सगळं समजलं, मला नाही. पहिली बायको गेली की दुसरीच्या गळ्यात तिची प्रतिमा घालतात. नवीन साडी आली की आधी तिला दाखवायची, गोड केलं की आधी तिला, म्हणजे ती दुसरीच्या वाटेत येत नाही. तो टाक सवतीच्या गळ्यातच असतो. दुसरीकडं कुठं असायचं त्याला कारण नाही.

बाई पुतळीशीच बोलल्यासारख्या बोलत होत्या. "धाकटीच्या गळ्यात ह्या हातानं घातला व्हता. तिनं काडला. समदं घर पालथं घातलं, घावला न्हाई. तिनं काडला म्हनून तर..." आणि त्या थांबल्या.

"कोन धाकटी?" आईनं विचारलं.

आबा म्हणाले, "आगं, पाव्हन्यांना जरा खाऊ दे की."

"तुमी थांबा. बाई, कोन धाकटी? तुमी एकच सून गेली म्हनलावता. ती कापडं लेकीची म्हनलावता."

मुलगा उठून उभा राहिला. "आये, चल," म्हणाला. बाई उठल्या नाहीत.

"काय झालं तिला?" आई म्हणाली.

"पाय घसरला."

कुठं घसरला, हे कुणी विचारलं नाही. मग आई माझ्याकडं वळली. "कुसमी, कुठं घावला तुला ह्यो?"

परक्या माणसांपुढं मी तोवर कधी बोलले नव्हते. पण अक्का अजून अर्धी वाकलेली होती. मी म्हणाले, "हिरव्या परकरात. नेफ्यात. आतनं शिवून ठिवला व्हता."

"हिरव्या?" बाई म्हणाल्या.

"व्हय. बारीक टाक्यानं. पडू नये म्हनून."

बाईंनी पुतळी सोडली. त्यांचं तोंड असं उघडं राहिलं की काळे दात दिसत होते, आणि त्या अचानक फार म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "त्या दिशी त्योच व्हता तिच्या अंगावर," त्या म्हणाल्या. "मीच पिळून वाळत टाकला. तिनं काडला न्हवता मग. जवळच व्हता. तरी..."

त्यांनी मुलाकडं बघितलं. तो दारातून बाहेर गेला होता. मला तेव्हा त्या नजरेचा अर्थ लागला नाही. आता मी त्यांच्या वयाची झाले आहे आणि मला तो लागतो. इतके दिवस त्या घरातल्या मरणाला एक कारण होतं, आणि ते थोरलीवर ढकलता येत होतं. माझ्या एका वाक्यानं ते काढून घेतलं. आता कारण घरातच शोधायला लागणार होतं.

ते गेल्यावर पोह्यांवरचं लिंबू तसंच होतं. आई माळ तोडून, टाक आणि तो कोरा खण घेऊन त्यांच्यामागं एसटी स्टँडवर गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत टाक होता. खण बाईंनी घेतला, टाकासाठी मूठ उघडली नाही. आई ओढून बोटं सोडवायला लागली तर म्हणाल्या, "तिला आमचं घर नगं. एकदा मरून गेली, एकदा गाठोड्यातनं. दोनदा दिसलं मला." आईनं हे सांगितलं आणि उंबऱ्यातच बसली. "गोठ्यामागं रुईला हळदीचं सूत गुंडाळलेलं बगितलं व्हतं मी," ती म्हणाली. "म्हनलं, कुनाचा नवस असंल." तिसरं लग्न करायचं असलं की पुरुषाचं आधी रुईच्या झाडाशी लावतात, काय व्हायचं ते झाडाला व्हावं म्हणून. आईला हे माहीत होतं. बघूनही तिनं बघितलं नव्हतं.

आबांचं मत, चांदी सोनाराला द्यावी, नाहीतर कृष्णेत सोडावी. आई म्हणाली, "पान्यातनंच आलीया. परत पान्यात न्हाई टाकायची." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हिच्या हाताला घावली, हिनं सांबाळायची." अक्का तोवर साडी सोडून घडी करत होती. घडीला नाक लावलं नाही तिनं. कानातल्या कड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजली. तिकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "त्या खनाला कुनाचाच वास न्हवता गं."

पुढं अक्काचं लग्न साखर कारखान्यावरच्या एका ड्रायव्हरशी झालं. नवरा पिणारा होता, पण मारणारा नव्हता. नातवंडं बघून गेली ती. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले तर म्हणाली, टाक दाखव. मी दाखवला. "मला त्या घरात जायचं व्हतं," म्हणाली. मग माझ्याच बोटांनी माझी मूठ मिटवून दिली. त्या घरात तिसरी कोण गेली, गेली की नाही, मला माहीत नाही. आईनं ते गाव कायमचं टाकलं. पण नंतर बाजारात कुठलंही गाठोडं सुटलं की ती आधी झंपर शोधायची, आणि मीही.

मी लग्न होऊन साताऱ्याला आले ती पहिली म्हणूनच. मला सवत नव्हती. सासूबाईंनी टाक बघितला तेव्हा त्यांना धक्का बसला. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, देवात ठेवू नको, पण उपाशीही ठेवू नको. तेव्हापासून शेवंता माझ्या बिस्किटांच्या डब्यात, हुकांच्या आणि बटणांच्या शेजारी आहे. तिच्या कपाळावरचा ठिपका माझ्या बोटानं पार झिजला. माझी नात हल्ली हौसेनं लोकांचे जुने कपडे विकत आणते, तिच्या मैत्रिणींत तसली पद्धत आहे. काळवंडलेल्या चांदीचे दागिनेही तिला आवडतात. परवा डबा उघडून म्हणाली, "आजी, हे लॉकेट कसलं भारी आहे, मला दे ना." मी आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. मग तिनं आणलेला सदरा उलटा करून बगलेखालची शिवण बघितली. ती म्हणाली, काय शोधतेस? मी सदरा घडी करून तिला परत दिला.

शेवंतेचं नाव तरी मला माहीत आहे. धाकटीचं नाव त्या दुपारी कुणी घेतलं नाही, आणि तिचा टाक करायला तिच्यामागून कुणी आलं की नाही कोण जाणे. तिची मला फक्त मापं माहीत आहेत. दंड बारीक, खांदे अरुंद, हात शिवणाला देखणा, आणि अंग नुकतंच भरायला लागलेलं. सणाला मुलगा मला साडी आणतो. मी खोलीचं दार लोटून घेते, डबा उघडते आणि साडीचा पदर आधी टाकावर धरते. मग पदर जरा पलीकडं सरकवते. तिथं डब्याचा रिकामा पत्रा असतो. त्याच्यावरही तेवढाच वेळ धरते. आणि मग घडी मोडते.